थोरली आणि सहदेव मिस्त्री

आमच्या घरी मोटार एकच होती, तरी सगळे तिला 'थोरली' म्हणत. कारण तिचा आकार. घाटकोपरच्या आमच्या गल्लीत ती वळली की समोरून येणाऱ्या टांगेवाल्याला मुकाट्याने मागे सरावं लागे. लढाईच्या आधीची, आठ सिलिंडरची अमेरिकन गाडी; आत सोफ्यासारख्या बैठका. माझे वडील वकील. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. एका संस्थानिकाच्या कारभाऱ्याकडून त्यांनी ती घेतली होती आणि आम्हा पोरांपेक्षा तिचे लाड जास्त होते.

पण माझ्या दादाच्या, नंदकिशोरच्या वरातीत ती भर रस्त्यात बंद पडली. नवरदेवाने एका हाताने फेटा सावरत स्वतः ढकलली. त्यानंतर गल्लीला चेवच चढला. "काय वकीलसाहेब, आज धक्का मारायला किती माणसं पाठवू?" असं जो तो विचारायचा. भाऊ हसून दाखवायचे. मला मात्र इतका संताप यायचा, की एकदा मी गच्चीवरून एकाच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं. चांगलं केलं, असं मला आजही वाटतं.

अशात सहदेव आला. मालवणकडचा, गिरणीतला फिटर. गिरणीत छताखाली लांबच लांब लोखंडी दांडे फिरत आणि पट्ट्यांनी सगळे माग चालवत. त्या दांड्यांच्या बेअरिंगांमध्ये पांढरा धातू वितळवून भरायचा, हे त्याचं काम. पुढे मागामागाला स्वतंत्र मोटर बसली, दांडे उतरले आणि त्यांच्याबरोबर सहदेवही घरी बसला. भाऊंचा सल्ला घ्यायला म्हणून तो आला होता. तेवढ्यात भाऊंनी थोरली सुरू केली. ठक ठक ठक असा आवाज आला आणि सहदेव आपलं काम विसरला.

"वकीलसायबानू, हिची बेअरिंगा गेली हत. गरम झाली काय तेल थंय रवत नाय, म्हणान ती बोंबलता."

"मोठमोठ्या गॅरेजवाल्यांनी हात टेकलेत रे," भाऊ म्हणाले. "सुटे भाग मिळत नाहीत. आणि तू पडलास गिरणीवाला."

"भाग कित्याक व्हये? मी ओततंय ना! माझ्यासारखी बेअरिंगा भरणारो सगळ्या मुंबैत गावाचो नाय."

नम्रपणा सहदेवच्या वाटेला कधी गेला नव्हता. भाऊही काही कमी हट्टी नव्हते. माझं, म्हणजे उत्तराचं, लग्न मे महिन्यात ठरलं होतं. ते म्हणाले, "उत्तराच्या वरातीत गाडी न थांबता गेली, तर आवारातला रिकामा गोठा तुझा. गॅरेज घाल. बंद पडली, तर ती भंगारात आणि तू मालवणात." सहदेवने तिथल्या तिथे हो म्हटलं. त्याची बायको मालन शेजारी उभी होती, तिने कपाळावर हात मारून घेतला. गावी घराची भिंत पडली होती आणि इथे चूल कशीबशी पेटत होती. तिच्या दृष्टीने हा सरळसरळ जुगार होता.

इंजिन उघडलं. गोठ्यात चुलाण पेटलं. पांढरा धातू वितळला, साचे उभे राहिले. पण सहदेव मालवणी माणूस; गाऱ्हाणं घातल्याशिवाय त्याचा हात कामाला लागेना. आधी ग्रामदेवतेला साकडं, प्रत्येक वाक्याला मालनचं "व्हय म्हाराजा", आणि शेवटी त्याने नारळ फोडला तो नेमका साच्यांच्या शेजारी ठेवलेल्या ऐरणीवर. पाणी उडून साच्यात गेलं. ओल्या साच्यात तापलेला धातू ओतायचा नसतो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? पण देवाचं पाणी फडक्याने पुसायचं कसं! त्याने तसंच ओतलं. फडाफड धातू उडाला, सहदेवच्या हातावरचे केस जळाले आणि बेअरिंगांना घावनासारखी जाळी पडली.

तो डोकं धरून बसला. देवच नको म्हणतोय, असं त्याने घेतलं. मालन मात्र भडकली. "देव काय इंजिनात रवता? नारळ दारात फोडा. तेका थयसूनय दिसता!"

दुसऱ्या दिवशी गाऱ्हाणं तेच, पण नारळ फाटकाबाहेरच्या दगडावर फुटला. जुनाच धातू पुन्हा वितळला आणि या वेळी बेअरिंगं आरशासारखी निघाली. मग इंजिनातल्या दांड्याला निळा रंग फासायचा, बेअरिंग बसवून फिरवायचं, जिथे रंग लागेल तेवढंच खरवडायचं आणि पुन्हा बसवायचं. हळदीपर्यंत हेच चाललं होतं. मधल्या वेळात त्याने रेडिएटरमधला वर्षानुवर्षांचा गाळही काढला.

घाट चढणं सोपं, वरात अवघड, असं तो म्हणे. बँडच्या तालावर मुंगीच्या पावलाने चालायचं. वारा नाही, वेग नाही, नुसतं तापत राहायचं.

वरातीच्या संध्याकाळी सहदेव स्वतः चालवायला बसला. मागे मी आणि माझे यजमान मधुकरराव. रिवाज नसताना भाऊ गाडीच्या बाजूने चालत निघाले. मला सासरी जायचं रडू यायला हवं होतं. पण माझं सगळं लक्ष तेलाचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर. रेल्वेच्या फाटकापाशी आम्ही अडकलो. बँडवाल्यांना तेवढंच हवं होतं, त्यांनी तिथेच ठाण मांडलं. इंजिन चालूच. काटा थरथरला, थोडा उतरला आणि थांबला. तिथेच राहिला. ठक नाही, ठूक नाही.

तेवढ्यात मागून फुस्स झालं. मधुकररावांचे काका चंद्रप्रकाश यांची कोरी करकरीत गाडी वाफेत बुडाली होती. सहदेवने दोर मागवला. फाटक उघडलं, आणि आमची थोरली नवरा-नवरीसकट त्या नव्या गाडीला ओढत रूळ ओलांडून गेली. लोक टाळ्या पिटत होते. मी नवी नवरी असल्याचं विसरून खिडकीतून अर्धी बाहेर आले आणि ओरडले.

सासरच्या दारात चंद्रप्रकाशकाका घाम पुसत भाऊंकडे आले. "गाडी कोणाकडे देता हो तुम्ही? माझीही तिथेच पाठवतो."

भाऊंनी सहदेवच्या खांद्यावर हात ठेवला. "हे आमचे सहदेव मिस्त्री. यांचं गॅरेज आहे, आमच्याच आवारात."

सहदेवचे डोळे भरले, पण आवाज होता तसाच राहिला.

"सोमवारी आणा, सायबानू. उद्या माका बोर्ड रंगवूचो आसा."