मी येईपर्यंत थांब

कारखान्यात सगळे त्याला केसभर म्हणत. चौतीस वर्षं लेथवर काढलेली. नव्या माणसाला काम दाखवताना तोंडात एकच, "अजून केसभर घे. केसभरच." मोजमाप नंतर, आधी बोट. लोखंडावरून बोट फिरवलं की किती उरलंय ते त्याला कळायचं.

मग संगणकावर चालणारा लेथ आला आणि बोटाला काम उरलं नाही. निवृत्तीला तीन वर्षं बाकी होती. मालक म्हणाले, शिकलात तर राहा. हा शिकायला बसला. मास्तरीण म्हणजे त्याचीच मुलगी. ती परगावी प्रोग्रॅम लिहायच्या नोकरीत होती. रविवारी यायची आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बापाची शिकवणी घ्यायची.

"बाबा, केसभर चालणार नाही. आकडा सांगा."

"शहाण्याला केसभर कळतं."

"तो शहाणा नाहीच ना! त्याला विचार करता येत नाही. लिहाल तेवढंच करणार. काही लिहायचं राहिलं तर चूक तुमची, त्याची नाही."

"म्हणजे तुझ्या आईच्या अगदी उलट. ती न सांगितलेलं आधी करते."

बायको ओट्याशी उभी होती. एरवी तिने उलटून टोला दिला असता. त्या दिवशी ती साखरेचा डबा हातात धरून नुसतीच उभी राहिली. तो कुठे ठेवायचा ते तिला आठवत नव्हतं.

पुढच्या वर्षभरात बरंच गेलं. शेजारणीचं नाव गेलं, आठवड्याचे वार गेले. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. वाचता मात्र अजून येत होतं. बायकोची थोरली बहीण येऊन बसली.

"तिला माझ्याकडे पाठवा. तुम्ही दिवसभर कारखान्यात. काही झालं म्हणजे?"

"दीड वर्ष राहिलंय, ताई. तेवढं मी निभावतो. ती या घराबाहेर गेली तर आहे तेही विसरेल."

"ठीक. पण एकदा जरी चुकलं, तरी मी तिला घेऊन जाईन. मग मध्ये पडायचं नाही."

"नाही पडणार," तो म्हणाला.

त्याने कागद घेतला. ओळींना आकडे दहा, वीस, तीस असे दिले. कारखान्यात तसेच देतात, मध्ये काही राहिलं तर घुसवता येतं. पहिल्या ओळीत लिहिलं, चहा कर. ती रिकामी किटली घेऊन उभी राहिली. त्याने चहाच्या अकरा ओळी केल्या. त्यातल्या एकीत लिहिलं, थोडं दूध घाल. तिने अख्खी पिशवी ओतली. थोडं म्हणजे किती? त्याचं त्यालाच हसू आलं. हे तर आपलंच केसभर. त्याने कपाच्या आत लाल रेघ मारली आणि लिहिलं, रेघेपर्यंत दूध. दोन रविवार तो स्टूल टाकून बसला आणि ती कुठे अडते ते नुसतं बघत राहिला. अडली की ओळ घातली. चौथा कागद भिंतीवर टिकला. शेवटची ओळ चारशे दहा : पाच वाजता दाराजवळच्या खुर्चीवर बस. मी येईपर्यंत थांब. त्यापुढे लिहायची गरज नव्हती. साडेपाचला तो दारात असायचा. जेवण, गोळ्या, अंथरूण सगळं त्याच्या हातचं.

आठ महिने घडी बसली. कारखान्यात कोणी विचारलं, "काय केसभर, मशीन विचार करतं का हो?" की तो म्हणायचा, "नाही. विचार आपण करून ठेवायचा." आणि छाती जराशी पुढे यायची.

मग एक अवघड काम आलं. आतून निमुळता, बाहेरून आट्यांचा भाग. सकाळी गाडी भरायची होती आणि प्रोग्रॅम काही केल्या बसेना. आटे शेवटच्या फेऱ्यात तुटायचे. पाच वाजले तेव्हा त्याच्या मनात आलं, कागद आहे भिंतीवर. घरचा फोन त्याने कधीच काढून ठेवला होता, घंटीला ती घाबरायची. तो थांबला. चूक शोधण्यात असा रंगला की घड्याळाकडे पाहिलंच नाही. चूक सापडली तेव्हा खिडकीत उजाडलं होतं. एक ओळ राहिली होती, हत्यार मागे घेण्याची. भाग गुळगुळीत उतरला. चौतीस वर्षांत एवढा आनंद त्याला क्वचितच झाला असेल.

दार उघडलं तर ती खुर्चीवर होती. आदल्या दिवशीचीच साडी, खालून ओली. पाय सुजून घट्ट झालेले. ओठ कोरडे.

"अगं, उठली का नाहीस? जेवायचं तरी..."

"लिहिलंय ना," ती म्हणाली. आवाज जेमतेम निघाला. "तुम्ही येईपर्यंत."

शेजारच्या तिपाईवर दोन कप होते. दोन्हींवर बशी, दोन्हींत गार चहा, साय धरलेला. कागदावर कप एकच लिहिला होता. त्याने वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचून पाहिलं. दुसरा कप कुठल्याच ओळीत नव्हता.

ताईंना त्याने स्वतःच कळवलं. लपवता आलं असतं, पण केलेलं काम लपवायची त्याला सवय नव्हती. त्या दुपारीच आल्या. रागावल्या नाहीत, त्याचंच त्याला जड गेलं. बायको निघताना भिंतीकडे बघत राहिली; जायचं ते कागदावर नव्हतं. शेवटी त्यानेच पेन घेतलं आणि खाली लिहिलं, चारशे वीस : ताईबरोबर जा. तिने वाचलं आणि गेली.

संध्याकाळी त्याच्या मोबाइलवर मुलीचा फोन आला. "बाबा, तुम्ही एवढं केलंत. चूक कोणाचीही होते."

"तूच शिकवलंस ना," तो म्हणाला. "लिहायचं राहिलं तर चूक लिहिणाऱ्याची."

त्यानंतर त्याने चारशे दहाच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ घुसवली. चारशे पंधरा : सहापर्यंत आलो नाही तर जेव आणि झोप. जागा होतीच. वाचायला कोणी नव्हतं.

ताई आठवड्याने फोनवर म्हणाल्या, "जेवते, झोपते. पण पाच वाजले की दारात खुर्ची ओढून बसते. मी काही सांगितलेलं नाही हो. इथे तर कागदही नाही."

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"तुमच्या गावाला साडेपाचची गाडी आहे," तो म्हणाला. "रोज नाही जमणार. पण आज येतो म्हणावं."

"आज सांगितलेलं तिला उद्या आठवणार नाही."

"माहितेय. तिला बसू द्या."