सत्तावीस नंबरचे जीवाचे खिळे

हिबिनोकाकांनी आकडा सांगितला की विषय संपला. त्यानंतर घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला मी सरळ दाराबाहेर काढायची, मग तो कितीही बडा असो.

माझं दुकान नागोयाच्या ओसू बाजारात. जुनी घड्याळं, बरण्या, कुणाकुणाच्या आज्यांचे किमोनो, आणि मागच्या भिंतीला पाचिंकोच्या जुन्या पेट्या. उभी पेटी, काचेआड पितळी खिळ्यांची दाटी. खटका दाबला की पोलादी गोळी वर उडते, खिळ्यांवर आपटत खाली येते, आणि भोकात गेलीच तर पंधरा गोळ्या खळखळत बाहेर पडतात. पेट्यांमधलं मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. काकांनी पहिल्यांदा माझा माल पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"कात्सुए, हे खिळे कुणी घासले गं?"

"मी. दोन दिवस लागले. कसे चमकतायत बघा."

"शाब्बास! दोन दिवस घासून निम्मी किंमत धुऊन टाकलीस की."

तेव्हापासून आमचं जमलं. काका म्हणजे किन्पेइ हिबिनो. अंगाने काटकुळे, जिभेने तिखट, आणि उभा जन्म खिळ्यांत गेलेला. पाचिंकोघर बंद झालं की हातोडी घेऊन प्रत्येक पेटीचे खिळे केसभर इकडे, केसभर तिकडे करायचे, हे त्यांचं काम. उद्या किती गोळ्या आत जाणार ते त्यावर ठरायचं. भोकाच्या अगदी वर जे दोन खिळे असतात त्यांना या धंद्यात जीवाचे खिळे म्हणतात. ते एकमेकांपासून लांब असले तर गिऱ्हाईक खूश, जवळ आवळले तर मालक खूश. काकांनी तीस वर्षं ते बहुतेक आवळलेच. साठीला त्यांनी हातोडी खाली ठेवली ती कायमची. घरात कॅलेंडरसुद्धा चिकटपट्टीने लावायचे. म्हणायचे, "पुरे झाले टोले."

पुढे शौकीन लोक जुन्या पेट्या जमवायला लागले आणि काकांशिवाय कुणाचं पान हलेना. लाकूड मूळचं का, काच त्याच काळातली का, नंबराची पट्टी मागाहून तर ठोकलेली नाही ना, हे सगळं ते बघायचेच, पण खरी नजर खिळ्यांवर. पाचिंकोघराच्या शेवटच्या दिवशी खिळे जसे होते तसेच आज असले तर पेटीला सोन्याचा भाव. कुणी एक जरी हलवला असला तर ती नुसती खेळण्याची पेटी. सौदा व्हायचा तो नेहमी समोरच्या कॉफीवाल्याकडे. सकाळच्या कॉफीबरोबर तो लाल घेवड्याचा गोड लगदा लावलेला टोस्ट फुकट देतो. काका चिठ्ठीवर आकडा लिहून बशीखाली उपडी ठेवायचे. घेणारा आणि विकणारा दोघांनी आपापला कप संपवायचा, मग चिठ्ठी उलटायची. एकदा उलटली की कुणी हूं का चूं करायचं नाही.

एका वर्षी पानगळीत जवळच्या सेतो गावाहून फोन आला. ओगिसोबाई बोलत होत्या. काका माझ्याच दुकानात बसले होते. नाव ऐकल्याबरोबर ते उठून उभेच राहिले, बाई फोनमधून बघत असल्यासारखे. "मालकीणबाई," एवढंच म्हणाले आणि मान हलवत ऐकत राहिले.

ओगिसोंच्या पाचिंकोघरात काकांनी शेवटची अकरा वर्षं काढलेली. ते पाचिंकोघर कधीच पाडलं गेलं होतं आणि मालक जाऊन दोन वर्षं झाली होती. आता बाईंच्या राहत्या घरात उरली होती एकच पेटी, सत्तावीस नंबरची. मालकांच्या अस्थी मात्र अजून कलशात, घरातल्याच फळीवर. देवळात त्यांना कायमचा कोनाडा मिळायला तीन लाख येन लागत होते. गिफूचे कुवायामा नावाचे एक शौकीन ही पेटी घ्यायला तयार होते, अटी दोनच: खिळे पाचिंकोघरातलेच हवेत, आणि किंमत हिबिनोसान सांगतील ती.

"आमचे हे दोन वर्षं फळीवर बसून आहेत हो," बाई फोनवर म्हणाल्या. "आता त्यांना त्यांची जागा मिळू दे."

आम्ही गुरुवारी सेतोला गेलो. बाई पंचाहत्तरीच्या, पाठीत वाकलेल्या, पण हसऱ्या. आम्हाला चहा देऊन त्या कुवायामांना आणायला स्टेशनवर गेल्या. पेटी बैठकीच्या खोलीत, कलशाच्या समोरच उभी होती. काय पेटी होती! लाकडाला हातांच्या घामाचा काळा लेप, काचेत बुडबुडे, नंबराच्या पट्टीचा एक कोपरा उडालेला. मला तर वाटलं, बाईंचं काम झालंच.

काकांनी काच उघडली, नाक लावून बघितलं, आणि मटकन खाली बसले.

"उघडलेत."

"काय उघडलंय?"

"जीवाचे खिळे. मी हे असे कधीच ठेवले नव्हते. बघ, गोळी आत जाऊन वर जागा उरते. असं पाचिंकोघर चालवलं असतं तर मालक महिन्यात भीक मागत फिरले असते. कुणीतरी मागाहून छेडलेत. आणि मूर्खासारखे छेडलेत, एक वाकडा, एक सरळ."

"कुणा नातवंडाचा उद्योग असणार. मग किंमत?"

"चाळीस हजार. तेही लाकडाचे."

समोर कलश, आणि ती बाई बिचारी म्हातारे पाय ओढत स्टेशनवर गेलेली. आणि माझी ही जीभ! ती काही गप्प बसली नाही.

"काका, शेवटच्या दिवशी हे खिळे कुणी लावले होते?"

"मीच."

"मग तुम्हीच परत लावा ना तसे. तेच खिळे, तोच हात. यात खोटं काय आहे?"

"कात्सुए, गप्प बस."

"नाही बसणार. बनावट तर तुम्ही करत नाही आहात. उलट कुणीतरी बिघडवलेलं जागेवर आणताय. आणि जगात दुसऱ्या कुणाला हे जमणारही नाही."

त्यांनी एकदा कलशाकडे बघितलं. मग पेटीखालचा खण ओढला. त्यात गोळ्या होत्या, काचेची किल्ली होती आणि एक बारीक हातोडी. ती बघून त्यांचे डोळेच भरून आले. "माझी आहे," म्हणाले. "निघताना मालकांकडे ठेवली होती. त्यांनी जपून ठेवली की गं."

सहा टोले. मी मोजले. म्हातारपणी हात थरथरायचे त्यांचे, चहा बशीत सांडायचा, पण ती हातोडी धरल्यावर हात एकदाही हलला नाही. खिळे पूर्वीसारखे झाले असणार, कारण त्यांनी नुसती एक नजर टाकली आणि काच लावून टाकली.

कुवायामा आले. टापटीप, मृदू बोलणारा माणूस. भिंगातून अर्धा तास खिळे बघत होते, आणि मधूनच "अहाहा" करत होते. मग काकांनी चिठ्ठी लिहून बशीखाली सरकवली. सगळ्यांनी चहा संपवला. चिठ्ठी उलटली: तीन लाख वीस हजार. कुवायामांनी वाकून नमस्कार केला आणि पाकीट बाईंच्या हातात दिलं. माझा जीव भांड्यात पडला.

बाईंनी पाकीट कलशापुढे ठेवलं, घंटा वाजवली, हात जोडले. मग आमच्याकडे वळून जरा लाजून म्हणाल्या, "एक गोळी उडवू का शेवटची? रोजची सवय आहे."

"उडवा की," कुवायामा म्हणाले.

"शेवटच्या आजारपणात ह्यांना एकच नाद लागला होता बघा," बाई गोळी लावता लावता सांगू लागल्या. "रोज काच उघडून बसायचे आणि जेवायच्या दोन काड्यांतली एक घेऊन ते दोन खिळे हलवायचे. म्हणायचे, जन्मभर लोकांची भोकं बुजवली, आता तुझ्यासाठी तरी एक उघडतो. तेव्हापासून मी रोज सकाळी गोळ्या उडवते. चार-पाच फुकट जातात, मग एक जाते आत, आणि पंधरा खळखळतात. मी म्हणते, उठलात वाटतं!"

मी काकांकडे बघितलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

बाईंनी गोळी उडवली. गेली खाली. दुसरी, तिसरी, दहावी. त्या हसत होत्या, मग हसायच्या थांबल्या. वीस झाल्या, तीस झाल्या. खटक्यावरचा हात हळूहळू खाली आला. त्या कलशाकडे वळल्या आणि जमिनीला कपाळ टेकवलं.

"रागावलात ना? पेटी विकली म्हणून रागावलात. चुकलं हो माझं. तुमच्यासाठीच केलं होतं."

त्या लहान पोरीसारख्या रडत होत्या. कुवायामा चुळबुळ करत छताकडे बघत होते. मी काकांची बाही धरली, खरं सांगते, त्यांनी गप्प बसावं म्हणून धरली. त्यांनी ती सोडवून घेतली.

"मालकीणबाई, ते रागावलेले नाहीत. खिळे मी आवळले. आत्ता, तुम्ही स्टेशनवर गेला होतात तेव्हा."

कुवायामा उठले, कलशापुढचं पाकीट दोन्ही हातांनी उचललं आणि वाकून माफी मागितली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दारात बूट घालताना एवढंच म्हणाले, "हिबिनोसान, तुमच्या शब्दावर घेतलेल्या एकोणीस पेट्या माझ्या घरी आहेत." आणि गेले.

"बाई, ह्याचं पाप माझ्या माथी," मी म्हटलं. "काकांना मीच भरीला घातलं." पण त्या ऐकत नव्हत्या. डोळे पुसून त्या काकांना म्हणाल्या, "होतं तसं करून द्या."

काकांनी हातोडी घेतली, दोन हलके टोले मारले. बाईंनी गोळी उडवली. आत! पंधरा गोळ्या खळखळल्या. मी आनंदाने टाळीच वाजवली. दुसरी उडवली, आत. तिसरी, चौथी, आतच. बाईंनी हात काढून घेतला.

"ह्यांचं असं नव्हतं हो. ह्यांना कुठे येत होतं? कधीतरी जायची."

काकांनी एक खिळा जरासा दाबला. मग पाचातली एक जायला लागली, अगदी नेमाने, दर पाचवी. बाईंनी मान हलवली. संध्याकाळपर्यंत काका झटत होते. आयुष्यभर ज्या हाताने त्यांचा हुकूम पाळला, त्याला त्या आजारी माणसाचा अडाणी हात काही साधेना.

त्यानंतर काकांनी एकाही पेटीची किंमत सांगितली नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मला कळत नाही." कॉफीवाल्याकडची त्यांची खुर्ची रिकामी राहू लागली. पेटी मी तीन लाखांना घेते म्हटलं तर माझ्यावर खेकसले, "चाळीस हजाराच्या वस्तूला तीन लाख? एवढंच शिकवलं का मी तुला?" बाईंनीही भीक घेणार नाही म्हणून सांगितलं. कलश फळीवरच राहिला.

पण दर गुरुवारी काका सेतोला जायचे. हातोडी नाही, खिशात जेवणाची एक लाकडी काडी. काच उघडायची, खिळे हलवायचे, बाईंनी गोळ्या उडवायच्या आणि "अंहं" म्हणायचं. मग चहा, उइरो नावाच्या तांदळाच्या मिठाईची एकेक वडी, आणि संध्याकाळची गाडी. असे दोन हिवाळे गेले, आणि तिसऱ्यात काकाच गेले.

अंत्यविधीला बाई आल्या होत्या. मी त्यांचे हात धरून म्हटलं, "बाई, माझ्या जिभेपायी हे झालं. आणि त्यांना ते शेवटपर्यंत जमलं नाही, हेच मला फार लागतं."

"जमलं होतं," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याच महिन्यात. अगदी ह्यांच्यासारखं."

"मग तुम्ही अंहं का म्हणत राहिलात?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"जमलं म्हटलं असतं तर ते पुढच्या गुरुवारी कशाला आले असते?"