तीन फुटांखालची ओल

बी. एजी. झालो आणि पुढच्या पदवीसाठी संशोधन करायला पुण्याहून सोलापूरला आलो. शहराबाहेर कोरडवाहू शेतीच्या प्रयोगांचं शेत नुकतंच सुरू झालं होतं. माझा विषय काळ्या जमिनीतली ओल. बरमा फिरवून तीन फुटांपर्यंतची माती काढायची, डब्यात घालून तोलायची, भट्टीत वाळवून पुन्हा तोलायची. जेवढं वजन घटलं, तेवढी ओल.

बरमा फिरवायला शेजारच्या खेड्यातले एक धनगर मामा होते. पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांची थोडी जमीन आमच्या बांधाला लागूनच होती.

त्या वर्षी पावसानं ओढ दिली. हस्त लागला, तरी जमीन भेगाळलेलीच. एके सकाळी मामा स्वतःच्या रानातली माती डब्यात घेऊन आले.

"साहेब, ही बी बघा की. शाळू पेरू का नगं?"

आजवर मला कुणी असं काही विचारलं नव्हतं. मी दोन दिवस त्या मातीपाशी बसलो.

"पेरू नका, मामा. उगवेल, पण महिन्या-दीड महिन्यात वाळेल. बियाणं वाया जाईल."

"शेजारी पेरत्यात."

"पेरू द्या त्यांना."

मामांनी पेरलं नाही. बियाण्याची ज्वारी घरात दळून खाल्ली. शेजाऱ्यांचा शाळू गुडघ्याएवढा झाला आणि पिवळा पडू लागला. मी रोज बांधावरून बघायचो. खरं सांगतो, तो पिवळा पडताना मला बरं वाटत होतं.

विशाखा नक्षत्रात दोन दिवस पाऊस झाला. पेरणीला फार उशीर झाला होता, पण उभ्या शाळूनं मान वर काढली. कणसं बारीकच आली. कडबा मात्र सगळ्यांना झाला. मामांच्या रानात नुसतं तण.

"मामा, माझं चुकलं," मी म्हणालो.

"तुमचं कसं चुकंल? मातीत व्हतं ते तुमी सांगितलं. पाऊस डब्यात कुटं व्हता?"

त्यांची बायको इतकी उदार नव्हती. फाल्गुनात चाऱ्यावाचून एक बैल गोठ्यात बसला तो उठला नाही. ते कळून मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ती दारातच म्हणाली, "मी पेरा म्हनत हुते. ह्यांनी माजं ऐकलं न्हाय. तुमी शिकलेली मानसं." मग ती आत गेली. दुसरा बैल त्यांनी बार्शीकडच्या पाहुण्यांना दिला आणि दोघं शहरात गिरणीत कामाला लागली.

प्रबंधात मी त्या रानाबद्दल एक पान लिहिलं होतं. वरिष्ठांनी ते काढायला लावलं. "एकच नमुना, तोही आपल्या शेताबाहेरचा. याला शास्त्रात जागा नाही." नियमानं त्यांचं बरोबर होतं. मी पान काढलं. पदवी मिळाली.

पुढं एकदा गिरणी सुटताना मामा दिसले. केसांत कापसाचे तंतू, खोकून वाकलेले. त्यांनी मला ओळखून हात वर केला. माझ्याबरोबर पुण्याहून आलेले दोन नवे विद्यार्थी होते. मी त्यांना जमिनीच्या प्रकारांबद्दल सांगत होतो. मी थांबलो नाही.