चौथा ठोका

बिघडलेलं मशीन कादरला ऐकवत नाही. लग्नाच्या पंगतीत पंखा कुरकुरला तरी हा स्टुलावर चढणार. याच खोडीपायी आपण भोसरीतला एक गाजलेला बँड बुडवला, असं तो दहा वर्षं मानत आला होता.

बँडचं नाव ‘तिसरी पाळी’. तिथल्याच एका वर्कशॉपमध्ये फिटर असलेला कादर ड्रम वाजवायचा, संघर्ष नावाचा दोस्त बेस गिटार, आणि निरंजन गायचा, म्हणजे खरं तर ओरडायचा. पेपरवाल्यांनी या संगीताला पोस्ट-पंक म्हटलं. यांना वाटलं, शिवी दिली. त्यांचं ‘हजेरी’ हे गाणं गाजलं ते वर्कशॉपमधल्या, पत्रा ठोकणाऱ्या जुन्या पॉवर प्रेसमुळे. तिचा आवाज टिपून त्यांनी गाण्याखाली घातला होता. तीन ठोके सरळ, चौथा अडखळता. काय दिवस होते ते! शेअर रिक्षात ‘हजेरी’, गणपतीपुढे ‘हजेरी’, हळदीतसुद्धा ‘हजेरी’. काळेवाडीचा चहावाला आधी कादरला कप द्यायचा, मग बाकीच्यांना. यांचं दुसरं गाणं मात्र कोणी ऐकून घेईना.

म्हणून नवं गाणंही त्याच प्रेसवर बांधायचं ठरलं. रेकॉर्डिंगच्या सकाळी प्रेस चालू केली, तर चारही ठोके सरळ.

“कोणी हात लावला हिला?” निरंजन कडाडला.

आदल्या दिवशी कादरनेच तिचा घासलेला क्लच बदलला होता. त्या प्रेसवर निरंजनची आई, सुमनताई, कामाला बसायच्या. अडखळती प्रेस एखाद्या दिवशी बोटं घेऊन जाते, हे फिटरला कोणी सांगावं लागत नाही. पण ते बोलून दाखवायची त्याची छाती झाली नाही. नवं गाणं पडलं, बँड मोडला, निरंजन यायचा बंद झाला.

परवा दुपारी प्रेस पुन्हा अडखळली. प्रेसवर बसलेल्या इरम नावाच्या पोरीला कादरने उठवलं, रिकामी प्रेस चालू ठेवली आणि निरंजनला फोन लावून प्रेसपुढे धरला.

“ऐकलंस?” फोन कानाशी नेत त्याने विचारलं.

“ऐकलं. बंद कर आता, भावा. कोण बसतं तिच्यावर?”

“एक पोरगी. उठवलंय तिला. त्या वेळी क्लच मीच बदलला होता, निरंजन.”

“माहितीय. आईने रेकॉर्डिंगच्याच संध्याकाळी सांगितलं.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?”

“आई आठवडाभर म्हणत होती, प्रेसची भीती वाटते रे. मीच तिला म्हटलं होतं, रेकॉर्डिंग होईपर्यंत तक्रार करू नकोस. कुठल्या तोंडाने तुझ्यासमोर येणार होतो?”

कादरने प्रेस बंद केली.

“रविवारी येतो,” तो म्हणाला. “सुमनताईंच्या हातचा चहा प्यायला.”

आणि फोन कानाशी धरूनच त्याने पाना शोधायला घेतला.