चाकातला आवाज

श्रीगोंद्यात एखादी छोटी पांढरी गाडी रस्त्याच्या कडेकडेने, सायकलवाल्यांनाही पुढे जाऊ देत चाललेली दिसली, तर खुशाल समजावं की आत नर्सबाई आहेत.

माधुरीताई साळवे. सरकारी नर्स म्हणून वाड्यावस्त्यांवर पोरांना लशी टोचण्यात उभी हयात गेली. नवरा भीमराज साखर कारखान्यात होता. निवृत्तीनंतर त्याने हौसेने ही गाडी घेतली आणि ती धड अंगवळणी पडायच्या आतच तो गेला. लोकांना वाटलं, बाई आता गाडी विकणार. बाई ड्रायव्हिंग स्कूलला गेल्या आणि कॉलेजच्या पोरींच्या शेजारी बसून क्लच दाबायला शिकल्या.

दर शनिवारी त्या काष्टीच्या बाजाराला जातात. खरं सांगायचं तर एकटीला भाजी लागते किती? मेथीची जुडी निम्मी होते न होते तोच पिवळी पडते. पण बाजारात कुणीतरी हटकून म्हणतं, "नर्सबाई, वळखलं का?" तेवढ्यासाठी त्या जातात. घरी बेल वाजते ती सिलिंडरवाल्याची.

तर पावसाळ्यानंतर त्यांनी पुढचे टायर बदलले. गॅरेजवाल्या श्रीमंतने मोबाईल खांदा आणि कानाच्या बेचक्यात धरून, कुणाशी तरी जागेच्या व्यवहारावर बोलत, हवेच्या गनने धडाधडा नट आवळले. त्या दिवसापासून चाकातून आवाज येऊ लागला. गाडी हळू असली की कट्, कट्. वेग वाढला की गप्प.

एकट्या माणसाची गाडीत मोठी पंचाईत होते ती इथे. आवाज आला की शेजारच्याला विचारावं, तुला ऐकू आला का? शेजारी तर मेथीची पिशवी.

त्या श्रीमंतकडे गेल्या. त्याने गाडी नगर रोडला सुसाट पळवून आणली, तीही गाणी लावून. "ताई, कायबी न्हाई," तो म्हणाला, "वय झालं का असं व्हतं." चाकाकडे त्याने वाकूनसुद्धा पाहिलं नाही.

मग त्यांनी पुण्याला मुलाला, करणला, फोन लावला आणि तो चालूच ठेवून शेजारच्या सीटवर ठेवला. करण म्हणाला, "आई, मला फक्त हॉर्न ऐकू येतायत." मग म्हणाला, "विकून टाक ना ती गाडी. तुला कुठं जायचं असतं?"

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण तो प्रश्न माधुरीताईंना फार लागला. रात्री पडल्या पडल्याही त्यांना तो कट् कट् ऐकू येऊ लागला, आणि गाडी तर दारात उभी. त्या घाबरल्या. आवाज खरंच आपल्या डोक्यात असेल तर? मग गाडी चालवणं बंद करावं लागेल. गाडी बंद म्हणजे काष्टी बंद, आणि काष्टी बंद म्हणजे आठवडाभर कुणी नावाने हाक मारणार नाही.

पुढच्या शनिवारी काष्टीला जाताना त्यांनी ठरवून एसटीच्या स्टॉपवर गाडी थांबवली. त्यांना आणखी एका माणसाचे कान हवे होते. तिथे साळूबाई बसली होती, सत्तरीची म्हातारी, मांडीवर अंड्यांची टोपली. फुकट न्यायला गाडी थांबलेली पाहून तिने आधी संशयानेच आत डोकावलं. मग बसली.

उसाच्या ट्रॉलीमागे गाडी हळू झाली. माधुरीताईंनी कान टवकारले. विचारायचीही हिंमत होईना.

"बाई," साळूबाईच म्हणाली, "हे कट् कट् काय वाजतंय वं? माह्याच पायाखाली हाय."

माधुरीताईंनी गाडी बाजूला घेतली आणि त्या रडू लागल्या. साळूबाईला वाटलं, आपलं काही चुकलं.

दोघी उतरल्या. साळूबाईने चाकाच्या नटाला नुसतं बोट लावलं, तर तो फिरला. काष्टीहून मेकॅनिक मोटारसायकलवर येईपर्यंत दोघी बांधावर बसल्या. "मावशी, तुमचा बाजार बुडंल," माधुरीताई म्हणाल्या, "दुसऱ्या गाडीनं जा तुम्ही."

"आन् तुमाला एकटीला सोडू व्हय हितं? बसा गप."

मेकॅनिकने चाक काढलं. एक बोल्ट तुटला होता, दुसऱ्याचे आटे पार खाल्ले गेले होते. नट तिरका बसलेला असताना तसाच गनने आवळला होता. "आजून जरा पुढं गेला असता," तो म्हणाला, "तर चाक पुढं आन् तुमी मागं." त्याने दोन्ही बोल्ट नवे घातले आणि नट आधी हाताने फिरवून मगच पान्याने आवळले.

तुटका बोल्ट माधुरीताईंनी श्रीमंतच्या टेबलावर नेऊन ठेवला. "व्हतं ताई एखांद्या टायमाला," तो मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला. करणला त्यांनी फोनवर सांगितलं, "आवाज होता रे. खरंच होता." तो मीटिंगमध्ये होता. "बरं झालं आई," म्हणाला, "ठेवू का?"

आवाज गेला होता. गाडी राहिली. जीव भांड्यात पडायला हवा होता, पण पुढच्या शनिवारी निघताना माधुरीताईंना ती शांत गाडी खायला उठली.

स्टॉपवर साळूबाई होतीच, टोपली घेऊन. माधुरीताईंनी दार उघडलं. मोकळ्या रस्त्यावर त्यांनी गाडी उगाचच हळू केली.

"मावशी, येतोय का हो आवाज?"

साळूबाईने कान दिला. "न्हाई की. ब्येस चाललीय."

"नीट ऐका," माधुरीताई म्हणाल्या आणि त्यांनी गाडी आणखी हळू केली. मागून एक सायकलवाला घंटी वाजवत पुढे निघून गेला.

साळूबाईने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मागच्या सीटकडे पाहिलं, तिथे कुणी नव्हतं. मग तिने टोपली मांडीवर नीट घेतली.

"येतोय जरासा," ती म्हणाली. "फुडच्या शनवारी बी ऐकावा लागंल."