हरकतीचा डबा

आमच्या बागेत धडधाकट घर असताना आम्ही तंबूत झोपायचं ठरवलं, तिथून या सगळ्याला सुरुवात झाली. घर तंबूपासून चाळीस पावलांवर. पंखा आहे, नळाला पाणी आहे, गाद्या आहेत. पण मिरजोळ्याच्या मैत्रिणीला पन्नाशी उलटल्यावर कॅम्पिंग करायची हुक्की आली होती आणि कुणाला न विचारता तिने दोन तंबू मागवलेही होते. तिची मसाल्याची गिरणी आहे. हाताखाली बारा बायका असल्यामुळे 'नको' हा शब्द ऐकायची तिची सवय सुटली आहे.

आम्ही चौघी रत्नागिरीच्या कॉलेजातल्या एका बाकावरच्या. एक ही मिरजोळेवाली. दुसरी लग्न होऊन बुरोंडीला गेली आणि तेव्हापासून आमच्या बाजारातल्या माशांना नाक मुरडते. तिसरी माझी शेजारीण. तिची बाग आणि आमची बाग यांच्यामध्ये फक्त एक गडगा आहे, म्हणजे जांभ्याचे दगड एकावर एक रचून केलेली, चुना-सिमेंट काही नसलेली बुटकी भिंत. आणि चौथी मी, शाळेत भूगोल शिकवते. माझं डोकं लवकर तापतं असं बाकीच्या तिघी म्हणतात. ते खोटं आहे, हे मी त्यांना पुष्कळदा ओरडून सांगितलं आहे.

शेजारीण राहायला येणार याचं आम्हाला केवढं अप्रूप होतं! कारण त्या गडग्यावरून आमच्या दोन घरांचं बोलणं मी दहावीत असल्यापासून बंद होतं. एका पावसाळ्यात गडगा पडला, आमच्या गड्यांनी तो परत रचला आणि रचताना वीतभर त्यांच्या जमिनीत सरकवला, असं तिच्या वडिलांचं म्हणणं. माझ्या बाबांचं म्हणणं, काहीही सरकलेलं नाही. झालं. दोघं शेवटपर्यंत बोलले नाहीत. आम्ही पोरी मात्र घरापासून लांब, एसटीत बसल्यावर, बोलायला लागायचो. बाबा जाऊन दोन वर्षं झाली. काका, म्हणजे तिचे वडील, चौऱ्याऐंशीचे आहेत आणि अजून रोज संध्याकाळी पाच-साडेपाचला काठी टेकत वर कातळावर जाऊन गडगा बघून येतात. पलीकडे राहायला जाऊ का, असं लेकीने यंदा पहिल्यांदाच विचारलं. त्यांनी पुष्कळ वेळ पेपर वाचल्यासारखं केलं आणि मग म्हणाले, "जा. पण गडग्याला हात लावायचा नाय."

एवढी एकच अट. बावन्न वर्षांची बाई हे आम्हाला सांगताना शाळकरी पोरीसारखी हसत होती. या दोन दिवसांत काही वाकडं झालं, तर ते पुन्हा तोंड उघडणार नव्हते आणि ती पुन्हा विचारणार नव्हती, हे ती हसता हसताच बोलून गेली.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर मिरजोळेवालीने जाहीर केलं की आता आपण जिओकॅशिंग करायचं. हे खूळ तिला लेकीने लावलं. कुणीतरी कुठेतरी एक डबा लपवून ठेवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो. बाकीच्यांनी मोबाइलच्या मदतीने तो शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं, हवं तर एखादी बारकी वस्तू घ्यायची, बदल्यात आपली ठेवायची आणि डबा होता तिथे परत ठेवायचा.

"एवढे उपद्व्याप करून मिळतं काय?" बुरोंडीवालीने विचारलं.

"आनंद," मिरजोळेवाली म्हणाली.

"त्यापेक्षा बाजारात ताजी सुरमई शोधली असती."

मी मात्र अक्षांश-रेखांश हे शब्द ऐकून पाघळले. तीस वर्षं मुलांना फळ्यावर शिकवलेली गोष्ट पायाखाली येणार होती. मोबाइल माझ्या हातात घेतला आणि पुढे झाले. आमच्या बागेच्या वर सडा आहे, उघडा कातळ, थंडीच्या दिवसांत वाळलेल्या गवताचा. तिथे आठ वर्षांपूर्वी पुण्याच्या कुणा भटक्यांनी डबा लपवला होता. कलमांना मोहोर आला होता, वारा समुद्रावरून येत होता आणि मी वर्गाला सहलीला नेल्यासारखी तिघींना दर दहा पावलांनी आकडे वाचून दाखवत होते. तिघीही माझ्याकडे मुळीच लक्ष देत नव्हत्या.

आकडे जिथे जुळले तिथे मी थांबले. समोर गडगा होता. तोच.

शेजारीण म्हणाली, "चला परत."

"थांब गं, तीन मीटर इकडेतिकडे होतं यात," मिरजोळेवाली म्हणाली.

"तीन मीटर? आमच्याकडे एका विती­पायी पस्तीस वर्षं गेली."

सगळ्या हसलो आणि ते हसणं आम्हाला नडलं, कारण हसत असताना कुणालाच भीती वाटत नाही. नुसतं बघायला काय हरकत, असं मीच म्हणाले. फटीत डोकावून बघितलं. मग एक दगड उचलून बघितला आणि परत ठेवला. मग दुसरा. तिसरा खालच्या थरातला होता. तो ओढू नको, असं शेजारीण म्हणाली, म्हणून मी जरा जोरातच ओढला. आधी बारीक खडे गळले. मग सगळा गडगा ढेकर दिल्यासारखा वाजला आणि सहा-सात फूट लांबीचा तुकडा धडधडत आमच्या पायांशी आला.

धूळ निवळली. शेजारीण मटकन खाली बसली. "पाचला येतील ते," एवढंच म्हणाली. घड्याळात साडेतीन वाजले होते. तिचा चेहरा बघून मला जी लाज वाटली ती इतक्या वर्षांत कुणा हेडमास्तरांपुढेही वाटली नव्हती.

आणि त्या दगडांत, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, एक स्टीलचा डबा पडला होता. झाकणावर मोठ्या अक्षरांत अक्षांश-रेखांशाचे आकडे रंगवलेले.

"आता पडलाच आहे तर उघड," बुरोंडीवाली म्हणाली.

आत दोन किल्लीच्या साखळ्या, एक प्लास्टिकचा डायनोसॉर, एक वही आणि दोऱ्याने बांधलेली पेन्सिल होती. पेन्सिल मी उजेडात धरून बघितली. ती चाकूने तासलेली होती, लांब, चार बाजूंनी चपटी. कलमं बांधायच्या चाकूने अशी पेन्सिल तासणारा एकच माणूस मी बघितलेला आहे.

वहीच्या पहिल्या पानावर पुण्याच्या चौघांनी लिहिलं होतं, "पहिला डबा! मस्त जागा." खाली आणखी दोन-तीन नावं. आणि त्याखाली, अर्जाला घालतात तसा समास सोडून, शाईने लिहिलेलं:

"सदर डब्यावरील आकडे पाहिले. मला न कळवता केलेली मोजणी मान्य नाही. माझी हरकत आहे." आणि पूर्ण सही.

"बाबा!" शेजारीण ओरडली. "हे आमच्या बाबांचं अक्षर!"

गडग्यात आकडे लिहिलेला डबा सापडल्यावर आमच्याकडच्या माणसाच्या मनात दुसरं येणार तरी काय? शेजाऱ्याने गुपचूप जमीन मोजून खूण पुरून ठेवली आहे, अशी काकांची खात्री पटली होती. आणि वहीत लोक तारखा घालून सह्या करतात हे बघून त्यांनीही रीतसर हरकत नोंदवली होती. डबा मात्र नियमाप्रमाणे जागेवर परत ठेवला होता.

मी पान उलटलं. मागच्या बाजूला पेन्सिलीने:

"मोजणी मी केलेली नाही. आकडे पृथ्वीचे आहेत, बागेचे नाहीत. चष्मा लावून वाचावे."

हे माझ्या बाबांचं अक्षर. मी मोठ्याने वाचायला लागले आणि पुढे आवाज सांभाळताना माझी त्रेधा उडाली. दर वर्षी गवत कापून झालं की काका येऊन शाईने लिहीत आणि मागाहून बाबा येऊन पेन्सिलीने उत्तर देत. "चष्मा लावलेला आहे. हरकत कायम." "गडगा पुन्हा रचला तेव्हा मी मुंबईस होतो. तेव्हाच विचारले असते तर सांगितले असते." "तेव्हा आपले बोलणे नव्हते." "आताही नाही." मध्येच कुणी कोल्हापूरच्या मुलीने लिहिलं होतं, "आजोबा लोकहो, भांडू नका ना, जागा किती सुंदर आहे!" त्याखाली शाईने, "जागा सुंदर आहे हे मान्य." त्याखाली पेन्सिलीने, "एवढ्यापुरते मलाही मान्य."

मिरजोळेवाली हसून हसून कातळावर आडवी झाली. मीही हसले आणि मग मला भयंकर राग आला. आम्ही पोरी एसटीत कुजबुजत होतो, एकमेकींच्या लग्नांत मांडवाच्या मागच्या दाराने जात होतो, आणि हे दोघे इथे वर मजेत पत्रव्यवहार करत होते! घरी कुणाला एका शब्दाने सांगितलं नाही. गुडघे दुखत असताना बाबा 'मोहोर बघून येतो' म्हणून सड्यावर कशाला चढायचे, ते मला त्या दिवशी समजलं.

पेन्सिलीची शेवटची नोंद अशी होती: "गुडघे साथ देत नाहीत. इथवर येणे आता होणार नाही. यापुढील हरकती घरी येऊन घ्याव्यात. चहा मिळेल."

त्यानंतर एक कोरी ओळ होती. त्याखाली शाईने दोनच शब्द. "उशिरा वाचले." आणि सही.

बाबा पावसाळ्यात गेले. गवत त्यानंतर कापतात. मी वही मिटली आणि तिथेच रडले, आडोसा न शोधता.

"त्या वर्षी दोन दिवस जेवले नव्हते ते," शेजारीण हळूच म्हणाली. "पित्त झालंय म्हणाले. मी आलेपाक करून दिला गं त्यांना."

रडून झाल्यावर घड्याळ बघितलं तर सव्वाचार. मग आम्ही ज्या वेगाने कामाला लागलो तो वेग कुणी बघायला हवा होता. बुरोंडीवालीने सूत्रं हातात घेतली. सासरी होडीवर बर्फाच्या पेट्या रचायचा अनुभव होता म्हणे. मोठे खाली, सपाट बाजू बाहेर, फटींत दगडाच्या चिपा, असं ती ओरडत होती आणि मिरजोळ्याची मालकीण निमूटपणे दगड वाहत होती. जुन्या पायाची रेघ गवतात नीट दिसत नव्हती. मी मोबाइलवर बघायला गेले, तर शेजारीण म्हणाली, "तो ठेव खिशात आधी." अंदाजाने रचला. गडगा उभा राहिला, जरा पोट सुटलेला, पण उभा.

शेवटचा दगड ठेवला आणि मागे काठीचा आवाज झाला.

काका गडग्याच्या पलीकडे उभे होते. त्यांनी आमच्या मातीने माखलेल्या ड्रेसांकडे बघितलं, लेकीच्या सोललेल्या बोटांकडे बघितलं आणि मग माझ्या काखेतल्या डब्याकडे. तो परत आत ठेवायचा राहूनच गेला होता. काका सावकाश वाकले, गवतातला खुणेला रोवलेला एक जुना दगड चाचपला आणि तिथून गडग्यापर्यंत हाताची वीत घालून बघितली.

"वीतभर माझ्यात आलायत," ते म्हणाले.

मी पुढे झाले. "चूक माझी आहे, काका. मीच ओढला दगड. हिने तेव्हा हात लावला नव्हता. आता लगेच काढून परत लावते."

"आता नको. काळोख पडेल." ते उठून उभे राहिले, काठी सावरली. "डबा दे इकडे."

मी दिला. त्यांनी उघडला नाही, नुसता हातात तोलला, वरच्या थरातला एक दगड सरकवून आत ठेवला आणि दगड पुन्हा बसवला. माझ्या शेजारणीने डोळे मिटून घेतले होते. ते वळले, दहा पावलं गेले आणि थांबले. मागे न बघताच बोलले.

"याची हरकत आहे माझी. उद्या सकाळी घरी येऊन घेतो." मग पुढे चालू लागताना, "चहात साखर कमी घाल हो."

त्या रात्री तंबूत तिघीच झोपल्या. मी घर उघडलं, दूध आहे का ते बघितलं आणि ओटीवरची बाबांची खुर्ची आणि तिच्यासमोरची, कुणी कधी न बसलेली दुसरी, दोन्ही ओल्या फडक्याने पुसून ठेवल्या.