आधी वय

मुलुंडला आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर राहणारा तो आधी बँकॉकच्या हॉटेलात कुक होता. फॉरेनहून परतताना लोक रेडिओ-टेपचं टू-इन-वन आणायचे. हा एक खोड घेऊन आला. नवा माणूस भेटला की आधी विचारणार, "वय काय तुमचं?" वरच्या मजल्यावरच्या काकू तर भडकल्याच.

मी म्हटलं, "असं विचारतात का रे बायकांना?"

"अरे, तिथे गोरा दिसला की फरांग, आपल्यासारखा दिसला की खेक, म्हणजे पाहुणा. पण कुणी वय विचारलं ना, की समजायचं, पाहुणेपण संपलं. मोठा असलास तर दादा, लहान असलास तर टोपणनाव."

गेटवरच्या नेपाळी वॉचमनला आम्ही सगळे 'ए बहादूर' म्हणायचो. यानं त्यालाही वय विचारलं. तो थोडा मोठा निघाला. तेव्हापासून हा त्याला 'दादा' म्हणू लागला. आम्हाला ते नाटक वाटायचं.

एका सकाळी आम्ही दोघं बरोबरच कामाला निघालो. वॉचमननं मला कडक सलाम ठोकला. याला मात्र दरडावलं, "चाय पिया? खाली पेट कहाँ चला तू?"

तो मुकाट घरात परतला. मी सलाम घेऊन स्टेशनकडे निघालो.